मुंबईत १२ लाखात स्पोर्टी हॅच : एन लाइन, रेसर की जुनी पोलो टीएसआय?

मुलुंडकर८८
नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसता वाचनमात्र होतो, आता गाडी बदलायची वेळ आलीये म्हणून धागा काढतोय. घर मुलुंड पूर्व, ऑफिस बीकेसी, म्हणजे रोजचा ईस्टर्न एक्सप्रेस हायवे आणि पुढे एससीएलआर (सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड). शनिवार-रविवार लोणावळा किंवा अलिबाग, गणपतीला आणि शिमग्याला चिपळूण. आत्ता जुनी पेट्रोल स्विफ्ट आहे, चांगली चाललीये पण चार माणसं आणि एसी लावून घाट चढताना तिसऱ्याचा दुसरा करावा लागतो आणि मागून ट्रकवाला हॉर्न मारतो तेव्हा फार अपमान होतो.

एसयूव्ही नकोय. सोसायटीत पार्किंग स्टॅक टाइप आहे आणि खरं सांगायचं तर मला हॅचबॅकच आवडते. ऑनरोड १२ लाखात तीन नावं काढलीत, नवीन ह्युंदाई आय२० एन लाइन, ठाण्यात एका डीलरकडे बघितलेली युज्ड टाटा अल्ट्रोझ रेसर, नाहीतर २०२१ च्या आसपासची फोक्सवॅगन पोलो एक लिटर टीएसआय (टर्बो पेट्रोल). कागदावर तिघींचे आकडे एकाच कुटुंबातले वाटतात, ताकद ११० ते १२० पीएस, टॉर्क म्हणजे ओढ १७० ते १७५ एनएम. मग फरक नेमका कशात? आणि मॅन्युअल की ड्युअल क्लच (दोन क्लचवाला ऑटोमॅटिक)? बायको म्हणते ऑटोमॅटिक घे, मी म्हणतो मग स्पोर्टी कशाला घ्यायची.

बोचरा_वारा
मुलुंड ते बीकेसी रोज? सकाळी साडेनऊला? भाऊ वॅगनआर सीएनजी घे, स्पोर्टी मोड घाटकोपरच्या सिग्नलला कोणाला दाखवणार आहेस.

पाचवागिअर
झालं, आला हा. प्रत्येक गाडीच्या धाग्यावर वॅगनआर.

पोलो घे, विषय संपला. स्टिअरिंगचं वजन, १०० ला रस्त्याला चिकटून राहणं, दार लावल्यावरचा तो धप्प आवाज, हे बाकी दोघींत मिळणार नाही. फक्त एक लक्षात ठेव, २०२० ला बीएस६ (प्रदूषणाचे नवे नियम) आल्यावर जुनं १.२ चार सिलिंडर टीएसआय आणि सात स्पीड डीएसजी (फोक्सवॅगनचा ड्युअल क्लच) बंद झालं, त्याऐवजी ९९९ सीसी तीन सिलिंडर आलं, ११० पीएस आणि १७५ एनएम. त्यात जीटी बॅज सहा स्पीड टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून जोर देणारा) ऑटोमॅटिकलाच होता, मॅन्युअल पाहिजे असेल तर हायलाइन प्लस टीएसआय शोध. बरेच विकणारे मॅन्युअलला पण मागे जीटीचा स्टिकर लावून विकतात, आरसी बुकावरचं व्हेरियंट बघ.

मेकॅनिकलमामा
धागाकर्त्याचा प्रश्न बरोबर आहे, आकडे सारखे दिसतात कारण ब्रोशरवाले सगळ्यात मोठा आकडा छापतात आणि तो आकडा तुला मुंबईत कधी भेटत नाही.

एन लाइनचं उदाहरण घेऊ. ९९८ सीसी, तीन सिलिंडर, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा). १२० पीएस ६००० आरपीएमला. १७२ एनएम १५०० पासून ४००० पर्यंत सपाट. आता टॉर्कला आरपीएमने गुणायचं, ९५४९ ने भागायचं, किलोवॅट येतात, त्याला १.३६ ने गुणलं की पीएस. १५०० ला तुझ्या हातात साधारण ३७ पीएस असतात, ४००० ला ९८. म्हणजे १२० वाली ताकद बघायला ६००० पर्यंत पिळायला लागते आणि तिथे टॉर्क उतरून १४० वर आलेला असतो. रोजच्या चालवण्यात तू १५०० ते ३००० मध्ये असतोस, तिथेच सगळा खेळ आहे.

तुझ्या स्विफ्टचं जुनं १.२ नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड (टर्बो नसलेलं), टॉर्क ११५ एनएमच्या आसपास आणि तो पण ४००० ला. घाटात २००० वर तिला मागशील तर ती कुठून देणार? म्हणून खाली गिअर टाकावा लागतो. टर्बोवाली त्याच जागी दीडपट ओढते, गिअर न बदलता. हा फरक तुला बोरघाटात पहिल्या वळणावर कळेल, ० ते १०० च्या आकड्यात कळणार नाही. तसंही ० ते १०० कुठे करणार तू? कोस्टल रोडला मर्यादा ८० ची, बोगद्यात ६०, अटल सेतूला आणि पुणे एक्सप्रेसवेला १००, सगळीकडे कॅमेरे. २० ते ८० किती पटकन होतं ते बघ, तेच रोज लागतं.

आता तिघींत फरक. रेसरचं इंजिन ११९९ सीसी, १२० पीएस ५५०० ला, १७० एनएम पण १७५० पासून. पोलोचं एक लिटरही १७५० पासूनच. एन लाइन २५० आरपीएम आधी जागी होते. कागदावर चिल्लर वाटते पण सेकंड गिअरमध्ये स्पीडब्रेकरवरून उतरताना नेमके तेवढेच आरपीएम असतात, तिथे टर्बो जागा आहे की झोपलाय हे पायाला लगेच कळतं. १५०० च्या खाली मात्र तिन्ही सारख्याच निर्जीव, तीन सिलिंडरचं छोटं इंजिन आहे शेवटी.

बोचरा_वारा
मामा गणित सोडवतायत, मी चहा घेऊन बसलो.

मुलुंडकर८८
मामा हे कोणीच असं सांगितलं नव्हतं, यूट्यूबवर सगळे नुसते लाँच कंट्रोल आणि एक्झॉस्टचा आवाज दाखवतात. मग ड्युअल क्लचचं काय?

निवांत_चालक
मी एन लाइन डीसीटी (ड्युअल क्लच) चालवते, गोरेगाव ते पवई, म्हणजे जेव्हीएलआर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड), त्यामुळे माझं ऐक. गाडी मोकळ्या रस्त्याला सॉलिड आहे, पॅडलने गिअर टाकले की खरंच मजा येते, फ्रीवेवर चेंबूरहून निघालं की पी डिमेलो रोड कधी आला कळत नाही. पण जेव्हीएलआरच्या सरपटणाऱ्या ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्यात थोडी अडखळते, गुळगुळीत नाही. ज्यांना टॉर्क कन्व्हर्टरची सवय आहे त्यांना आवडणार नाही. मी मागे शिकले की पुढच्या गाडीला चिकटून चिकटून सरकायचं नाही, थोडी जागा होऊ द्यायची आणि मग एकदाच जायचं. मध्ये रिक्षा घुसते, घुसू दे.

सस्पेन्शन कडक आहे. साध्या आय२० पेक्षा नक्कीच. खड्ड्यात पाठीला कळतं, पण आरेच्या वळणांवर गाडी झुकत नाही तेव्हा पैसे वसूल. मायलेज विचारू नका, पावसाळ्यात शहरात दोन आकडी दिसलं तरी मी खूश असते.

पाचवागिअर
ताई तुम्ही जे अडखळणं म्हणताय तो ड्राय क्लचचा स्वभाव आहे, यात कुणा एका कंपनीचा दोष नाही.

मेकॅनिकलमामा
बरोबर. डीसीटीत दोन क्लच असतात, एक १-३-५-७ चा आणि दुसरा २-४-६ चा. एक गिअर चालू असताना पुढचा आधीच लावून ठेवलेला असतो म्हणून बदल इतका झटपट. ह्युंदाईचा हा सात स्पीड ड्राय आहे, जुन्या पोलो जीटीचा डीएसजी पण ड्राय होता. ड्राय म्हणजे क्लच तेलात बुडालेला नाही, त्याची उष्णता फक्त हवेला जाते. आपण मॅन्युअलमध्ये चढावर हाफ क्लचवर गाडी धरतो ना, तेच काम हा कॉम्प्युटर करत असतो, तुला दिसत नाही इतकंच. ५ च्या स्पीडने अर्धा तास सरकलं की प्लेट तापणारच, मे महिन्यात तर विचारू नको. म्हणून ताईंची जागा सोडून चालायची पद्धत एकदम योग्य आहे. आणखी एक, चढावर सिग्नलला अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची नाही, ब्रेक दाबायचा. सिग्नल मोठा असेल तर न्यूट्रल.

वेट क्लच वेगळा, तो तेलात असतो, ट्रॅफिक जास्त सोसतो. गंमत म्हणजे साध्या अल्ट्रोझच्या ऑटोमॅटिकला वेट क्लच दिला होता आणि रेसरला फक्त सहा स्पीड मॅन्युअल. म्हणजे ज्या कॉम्बिनेशनची मुंबईला गरज आहे ते मिळतच नाही.

लालबागचा_विंचू
माझी आधीची एक ड्युअल क्लचवाली होती, नाव घेत नाही, फॅन क्लब धावून येईल. वॉरंटी संपली आणि सायन सर्कलला भर गर्दीत गिअरचा दिवा लुकलुकला, गाडी तिथेच. सर्व्हिस सेंटरवाल्याने मेकॅट्रॉनिकचा (गिअरबॉक्स चालवणारं कंट्रोल युनिट) जो आकडा सांगितला तो ऐकून मी खुर्चीवरून उठलोच नाही. तेव्हापासून मॅन्युअल. युज्ड घेताय तर वॉरंटीबाहेरचा डीसीटी घेऊच नका, नवीन घ्या आणि एक्स्टेंडेड वॉरंटीचे पैसे भरा.

आता घरात अबार्थ पुंटो आहे, कोणी हसू नका.

पाचवागिअर
कोण हसतंय, दंडवत घ्या!! १.४ टी-जेट ना?

लालबागचा_विंचू
तीच. ऑक्टोबर २०१५ ला आली, १३६८ सीसी, १४५ बीएचपी, २१२ एनएम, चारही चाकांना डिस्क, १०० ला ८.८ सेकंद असा कंपनीचा दावा. रांजणगावला बनलेली, एकदम आपली महाराष्ट्राची. २००० च्या खाली काहीच नाही आणि मग एकदम लाथ मारते, मामांच्या सपाट टॉर्कवाल्या थिअरीच्या बरोबर उलट. खरं सांगू, शहरात रोजच्यासाठी वैताग आहे, ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिमी, आमच्या गल्लीतला स्पीडब्रेकर तिरका काढावा लागतो. पण पहाटे कसारा घाटात ज्याने चालवली त्याने विकून दाखवावी. पार्ट ओळखीपाळखीने मागवतो, त्याचा एक वेगळा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे.

धागाकर्त्याला सल्ला : ही घेऊ नको. घरातली एकमेव गाडी म्हणून तर नकोच.

कोकणी_खेकडा
अवांतर प्रश्न, ही १.४ लिटरची इंजिनं आपल्याकडे टिकली का नाहीत? स्विफ्ट स्पोर्ट पण बाहेर १.४ बूस्टरजेट (सुझुकीचं टर्बो), १४० पीएस, वजन फक्त ९७० किलो. आमच्या नशिबात कधी आलीच नाही.

मेकॅनिकलमामा
टॅक्स. लांबी ४ मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत असेल तरच छोटी गाडी म्हणून कमी कर. एकही अट मोडली की वरचा स्लॅब. पुंटो लांबीत बसत होती, ३९८९ मिमी, पण १३६८ सीसीमुळे बाहेर. म्हणून मग सगळ्यांनी १.० आणि १.२ टर्बोच आणले. एन लाइन ३९९५ मिमी, नुसती पाच मिमी शिल्लक ठेवलीये, बंपरचं डिझाइन करणाऱ्याच्या हातात फूटपट्टी असणार. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ आणि वर सेस असा होता तो सरळ १८ झाला, मोठ्यांना ४०. म्हणजे आता तर ही दरी अजून वाढली, १.४ वाली हॅच विसरा.

त्यात आपल्या महाराष्ट्राचा रोड टॅक्स, दहा लाखाच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, वर गेली की १२. व्हेरियंट निवडताना ती दहा लाखाची रेष बघून घे रे मुलुंडकर.

कोकणी_खेकडा
मग बलेनो आरएस का नाही चालली? ती तर सगळ्या अटीत बसत होती.

पाचवागिअर
मार्च २०१७ ची, १०२ पीएस, १५० एनएम, वजन ९५० किलो, चार डिस्क. पॉवर टू वेट (ताकद भागिले वजन) काढलंत तर टनाला १०७ पीएस, माझ्या लाडक्या १.२ पोलोपेक्षा जास्त (हे मी दुखऱ्या मनाने लिहितोय). पण बाहेरून साध्या बलेनोपेक्षा वेगळी दिसत नव्हती आणि लोकांना वेग दिसायला पाहिजे असतो, जाणवला नाही तरी चालतो. बीएस६ आलं आणि गेली. टियागो जेटीपीचं पण तेच, २०१८ ला आली, ११४ पीएस, हजार किलोच्या आसपास वजन, किंमत साडेसहा लाखाच्या आत, आणि २०२० पर्यंत खल्लास. आपल्याला स्वस्तात स्पोर्टी पाहिजे म्हणून बोंबलायचं आणि आली की बुकिंगला कोणी जायचं नाही.

बोचरा_वारा
कारण तेव्हा सगळे वॅगनआर घेत होते. बरोबरच होतं त्यांचं.

निवांत_चालक
लोल.

बरं रेसरबद्दल कोणी बोलतच नाहीये. माझ्या दिराकडे आहे म्हणून सांगते, आतून भरपूर दिलंय, व्हेंटिलेटेड सीट, ३६० कॅमेरा, सहा एअरबॅग, आणि मुंबईत व्हेंटिलेटेड सीट मिळाली की माणूस बाकी सगळं माफ करतो. बूट ३४५ लिटर, माझ्या गाडीचा ३११, गणपतीला मखर नेताना कळतं. अल्ट्रोझला ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत २०२० ला पाच स्टार मिळाले होते, आय२० ला २०२२ मध्ये तीन. घरात आईवडील, पोरं असतील तर हा फरक मी स्वतः गाडी घेताना कमी धरला, तू धरू नको. पण क्लच एन लाइनपेक्षा जड वाटला आणि गिअर टाकताना तसा खट्टकन बसत नाही. दारं नव्वद अंशात उघडतात, त्याचा उपयोग मुंबईच्या पार्किंगमध्ये काय ते देवच जाणे.

मुलुंडकर८८
आमच्या स्टॅक पार्किंगला तर दार तीस अंश उघडलं तरी पेढे वाटतो.

रेसरला मागे ड्रम ब्रेक आहेत ना? एन लाइनला चारही डिस्क. हा मोठा मुद्दा आहे का? आणि ती स्टेज वन रिमॅपची (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलायची) भानगड काय, ऑफिसमधला एक जण म्हणतो वीस-तीस पीएस सहज वाढतात.

मेकॅनिकलमामा
ड्रमचा फार बाऊ करू नको. ब्रेक मारला की वजन पुढे पडतं, थांबवण्याचं बहुतेक काम पुढचे डिस्क करतात, मागचे मदतीला. घाट उतरताना सारखं ब्रेकवर पाय ठेवून उतरलास तर मागचे डिस्क तापायला उशीर लावतात एवढा फायदा, पण ती उतरायची पद्धतच चुकीची, सेकंड-थर्डमध्ये इंजिन ब्रेकिंगवर उतरायचं. थांबण्याच्या अंतरात टायरचा हात जास्त. एन लाइनला १९५/५५ आर१६, रेसरला १८५/६० आर१६. रुंद टायर कोरड्यात बरं, पण साइडवॉल बारीक, पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही की रिमपर्यंत मार. जुलैमध्ये घोडबंदरला जाऊन बघ, टायरवाल्यांची दिवाळी असते.

रिमॅप : होतो, पीएस वाढतात, खोटं नाही. पण वॉरंटी गेली, इन्शुरन्सवाल्याला न कळवता केलेला बदल म्हणून क्लेमला झोल होऊ शकतो, आणि वाढलेला टॉर्क सगळ्यात आधी क्लच खातो. मॅन्युअलचा क्लच बदलता येतो, ड्राय डीसीटीवर करणारा माणूस धाडसी. मोठा एक्झॉस्ट लावायचा विचार असेल तर ट्रॅफिक पोलीस सायलेन्सर काढून घेतात, वर दंड.

एक मात्र नक्की पाळ, टर्बोवाली घेतलीस की चौथ्या-पाचव्या गिअरला १२०० आरपीएमवर पाय पूर्ण दाबून ओढू नको. स्विफ्टमध्ये ते निभावतं, नुसती गुरगुरते. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बोत खाली आरपीएमला जास्त लोड दिला की मिश्रण स्पार्कच्या आधीच पेटू शकतं आणि तो फटका थेट पिस्टनला बसतो. एक गिअर खाली टाक. तेल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच, बदलायची वेळ उलटू द्यायची नाही, टर्बो त्याच तेलावर जगतो.

कोकणी_खेकडा
ई२० चं (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) पण सांगा ना मामा. पोलो घेतली तर?

मेकॅनिकलमामा
एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या ई२० ला चालतील अशा मटेरियलच्या. पोलो २०२२ लाच बंद झाली, म्हणजे त्या आधीची. लगेच काही गळून पडणार नाही पण रबर, सील, पंप हे लांबच्या हिशोबात येतं. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी म्हणून मायलेज थोडं उतरतं, ऑक्टेन मात्र वाढतो, टर्बोला ते आवडतंच. मी युज्ड पोलो घेणाऱ्याला सांगेन की फ्युएल लाइनचं सगळं तपासून घे आणि खर्च बाजूला ठेव.

पाचवागिअर
मामांनी माझ्या पोलोचा पद्धतशीर कार्यक्रम केला. तरी सांगतो, चालवून बघ एकदा. एक्सप्रेसवेला खालापूरच्या पुढे तिच्यासारखी शांत गाडी या किमतीत नाही. आणि एन लाइनला एन म्हणू नका, खरी आय२० एन युरोपात होती, १.६ टर्बो, २०४ पीएस. इकडे आली ती लाइन, एन तिकडेच राहिला.

निवांत_चालक
हो पण रॅलीत २०२४ ला वर्ल्ड चॅम्पियन झालेल्या थिएरी नोव्हिलकडे आय२० च होती, तेवढी कॉलर मी टाइट करणार. पोलोवाल्यांनी इनो घ्या.

मुलुंडकर८८
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. मनातून पोलो आवडते पण जुनी गाडी आणि तिचे खर्च सांभाळायला मला वेळ नाही, ती कटाप. डीसीटीचा मोह आहे, पण माझा रोजचा रस्ता म्हणजे नेमका तो सरपटणारा आणि मी गाडी आठ-दहा वर्षं वापरणारा माणूस. २०२३ च्या फेसलिफ्टपासून एन लाइनला तो क्लच पेडल नसलेला आयएमटी काढून खरा सहा स्पीड मॅन्युअल दिलाय, तो आणि रेसर यात ठरवतो. बायकोला सांगितलंय की क्लच हलका आहे, आता चालवून तिने ठरवायचं. शनिवारी सकाळी एन लाइन, दुपारी ठाण्यात रेसर. डीलर म्हणतो सर, ब्लॉकला एक राउंड मारून देतो.

मेकॅनिकलमामा
ब्लॉकला राउंड कसला, त्याने फक्त एसी कळतो. ठाण्याहून घोडबंदरला गायमुखच्या चढापर्यंत ने, घरची चार माणसं बसव, एसी फुल, तिसरा गिअर, २००० आरपीएम, आणि तिथून नुसता पाय दाब. दोन्ही गाड्या त्याच चढाला, त्याच गिअरला. मग आईला मागच्या सीटवर बसवून खराब रस्त्यावरून एक फेरी.

रेसर युज्ड आहे म्हणून : क्लच पेडल किती वर येऊन धरतो बघ, अगदी वरती धरत असेल तर पुढच्याने पिळलीये. सर्व्हिस रेकॉर्ड अधिकृत सेंटरमधून गाडीच्या नंबरवर काढून घे, डीलरच्या कागदावर विश्वास नको. थंड इंजिन स्वतः सुरू कर, तू पोचायच्या आधी त्याने गरम करून ठेवली असेल तर थांब, थंड होऊ दे आणि मग बघ. चारही टायरची बनावटीची तारीख वाच. आणि रिमॅप करून परत मूळ फाइल टाकलीये का ते सेंटरवाल्याला स्कॅनर लावून बघायला सांग, स्पोर्टी गाडी युज्ड घेताना हे विचारायचंच असतं.

बोचरा_वारा
आणि पार्किंगवाल्या स्टॅकची उंची-लांबी मोजून ने. हे मी सिरियसली सांगतोय. एन लाइन १७७५ मिमी रुंद आहे, तुझ्या स्विफ्टपेक्षा बरीच जास्त, आरसे वेगळे. आमच्या बिल्डिंगमध्ये एकाने गाडी घेतली आणि पॅलेटवर चढेना, आता महिन्याला बाहेर पार्किंगचं भाडं भरतोय.

मुलुंडकर८८
च्यायला, हे डोक्यातच आलं नव्हतं. आज रात्री टेप घेऊन उतरतो खाली. पॅलेटच्या प्लेटवर वजनाची मर्यादा पण लिहिलेली असते ना?

बोचरा_वारा
असते, वाचून घे. वॉचमनला विचारू नको, तो सगळ्याला हो म्हणतो.